पैसे आधी की पार्सल आधी? लोक ऑनलाइन खरेदीकडे कशामुळे वळतात

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या सेलची धामधूम सुरू असतानाच, केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी एका चौकशीची माहिती दिली. पार्सल हातात आल्यावर पैसे देणाऱ्या, म्हणजे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडणाऱ्या ग्राहकांकडून ई-कॉमर्स कंपन्या जादा शुल्क घेतात, अशा तक्रारी त्यांच्या खात्याकडे आल्या होत्या. या शुल्काची रक्कम फार मोठी नसते. ज्याच्याकडे यूपीआय किंवा कार्ड आहे त्याने आधीच पैसे भरले की शुल्क वाचते, मग एवढी ओरड कशासाठी, असे कोणालाही वाटेल.

मामला इतका सोपा नाही. भारतासारख्या विकसनशील देशात माणूस ऑनलाइन खरेदी का करू लागतो, याचे उत्तर त्या छोट्या शुल्काच्या आसपासच सापडते. कोणालाही विचारा, बहुतेक जण म्हणतात, ‘स्वस्त पडतं म्हणून.’ स्वस्ताईचा वाटा आहेच. पण तिच्याहून वजनदार कारण माझ्या मते वेगळे आहे. वस्तू खराब निघाली, तर नुकसान कोणाच्या माथी बसणार? हा भार ग्राहकाच्या डोक्यावरून जसजसा उतरत गेला, तसतशी ऑनलाइन खरेदी वाढत गेली. पुण्याच्या बाजारातली उदाहरणे घेऊन हे मुळापासून पाहू.

## मुळात अडचण कुठे आहे?

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागतात. बाहेरून सगळी हिरवीगार. आतून कोणते कसे असेल, याचा विकणाऱ्याला थोडाफार अंदाज असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून विकणारा सुरीने त्रिकोणी फाक काढून दाखवतो आणि ती लाल निघाली की व्यवहार होतो. फाक दाखवायची पद्धतच नसती, तर गिऱ्हाईकाने फळ फिके निघेल असे धरूनच भाव पाडला असता. त्या भावात चांगला माल आणणाऱ्याला परवडले नसते, तो दुसरीकडे गेला असता, आणि ढिगात फिकी कलिंगडेच उरली असती.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये हेच जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल मांडले. विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, या तफावतीला अर्थशास्त्रात ‘माहितीची विषमता’ म्हणतात. ती फार वाढली तर चांगला माल बाजारातून हद्दपार होतो आणि शेवटी बाजारच बसतो. बाजारांमधल्या या विषमतेवरच्या कामासाठी २००१ मध्ये अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

ऑनलाइन बाजारात तर ही तफावत टोकाला जाते. माल फक्त फोटोत दिसतो आणि विक्रेता सुरतेत किंवा दिल्लीत बसलेला असतो. श्रीमंत देशांत अशा वेळी ग्राहकाला बाकीच्या व्यवस्था सांभाळून घेतात. बँकेला कळवून क्रेडिट कार्डाचे पैसे परत मिळवता येतात, टपाल वेळेवर पोहोचते, कायद्याचा धाक असतो. आपल्याकडे ऑनलाइन दुकाने आली तेव्हा कार्डे मूठभर लोकांकडे होती आणि ग्राहक न्यायालयात जायचे म्हटले की लोक हात टेकत. त्यामुळे इथे कंपन्यांना फाक दाखवण्याच्या आपल्या पद्धती शोधाव्या लागल्या.

## आधी पुस्तके आणि मोबाइलच का?

फ्लिपकार्ट २००७ मध्ये बेंगळुरूत सुरू झाले ते पुस्तके विकत. अ‍ॅमेझॉननेही १९९५ मध्ये अमेरिकेत पुस्तकांपासूनच सुरुवात केली होती. हा योगायोग नव्हता. एका पुस्तकाच्या सगळ्या प्रती सारख्या असतात. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकातून घ्या की पुण्याबाहेरच्या गोदामातून मागवा, आतला मजकूर तोच. शिवाय किंमत कमी, म्हणजे पैसे बुडालेच तरी फार नाही.

फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये वस्तूंची एक विभागणी केली. काही वस्तू घेण्याआधीच पारखता येतात, काही वापरल्यावरच कळतात. आता ही विभागणी पुण्यात लावून पाहा. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साडी हातात घेऊन पोत बघता येतो, उजेडात नेऊन रंग बघता येतो, काठ उलटा करून विणकाम बघता येते. दुकानात ती आधी पारखता येणारी वस्तू आहे. तीच साडी फोनच्या पडद्यावर आली की वापरल्यावर कळणाऱ्या वस्तूंत जाते. मोबाइलचे तसे होत नाही. त्याचा मॉडेल क्रमांक, मेमरी, बॅटरी सगळीकडे एकच. म्हणून ऑनलाइन बाजारात मोबाइल लवकर रुळला, आणि पैठणी घ्यायला माणसे आजही गाडी लावायला जागा शोधत लक्ष्मी रस्त्याला येतात.

अप्पा बळवंत चौकातली गर्दीही यानेच समजते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले हातात फोन असूनही तिथे जातात, कारण दोन लेखकांची पुस्तके शेजारी ठेवून चाळता येतात, जुनी प्रत अर्ध्या किमतीत मिळू शकते आणि परीक्षा झाल्यावर पुस्तके विकताही येतात. वस्तू कोणती आहे यावर ऑनलाइनचा निर्णय किती अवलंबून असतो, हे आपण बोलताना विसरतो. ‘अमुक माणूस ऑनलाइन घेतो’ हे वाक्यच अपुरे आहे. तो चार्जर ऑनलाइन घेतो आणि लग्नाचा शालू दुकानातून.

## पैसे आधी द्यायचे की माल आधी घ्यायचा?

आता गाभ्याकडे येऊ. पुस्तकाच्या पुढे जायचे, तर अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवायची भीती घालवणे भाग होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली. आज आपण ज्याला ओटीपी म्हणतो, तो याच नियमातून घरोघरी पोहोचला. त्याने चोरी कमी झाली, पण ‘पैसे गेले आणि माल आलाच नाही तर?’ ही भीती तशीच राहिली. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली आणि चित्र पालटले. ज्याच्याकडे कार्डच नव्हते तोही ग्राहक झाला. ज्याच्याकडे होते, पण बाहेर काढायचा धीर नव्हता, तोही झाला.

इतर विकसनशील देशांनी याच पेचातून आपापल्या वाटा काढल्या. चीनमध्ये अलिबाबा कंपनीच्या ताओबाओ बाजारासाठी २००४ मध्ये अलिपे आले. ग्राहकाने भरलेले पैसे तिथे मध्येच थांबतात, आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने कळवले की मग विक्रेत्याकडे जातात. नायजेरियात २०१२ मध्ये सुरू झालेल्या जुमियाने आपल्यासारखाच, दारात पैसे घेण्याचा मार्ग धरला. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी माल हातात पडेपर्यंत ग्राहकाचे पैसे अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ द्यायचे नाहीत, ही काळजी सगळीकडे तीच.

इथे एक आक्षेप येतो. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, यूपीआय आणले. त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातल्या व्यवहारांनी १००० कोटींचा टप्पा ओलांडला. इतके झाल्यावर दारात पैसे देण्याची पद्धत आपोआप संपायला हवी होती. ती संपली नाही. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे यूपीआयने देणारा माणूस अ‍ॅपवर साडी घेताना डिलिव्हरीनंतर पैसे देण्याचा पर्याय निवडतो, आणि पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन करून दारातच पैसे भरतो. नोटांवरच्या प्रेमाशी याचा संबंध नाही. मंडईत जुडी आधी पिशवीत पडते, मग फोन निघतो. त्याला हाच क्रम अ‍ॅपवरही हवा आहे.

अर्थात दारात पैसे दिल्याने अर्धीच भीती जाते. खोका बहुतेक वेळा पैसे दिल्यावरच उघडायला मिळतो. आत माप चुकीचे असेल, रंग वेगळा असेल, तर काय? उरलेली अर्धी भीती घालवली ती परत घेण्याच्या सोयीने. सात दिवसांत, दहा दिवसांत कारण सांगून वस्तू परत करा, घरी येऊन घेऊन जाऊ. कपडे आणि चपला ऑनलाइन खपू लागल्या त्या मुख्यतः या सोयीच्या बळावर. दोन मापांचे बूट मागवायचे, एक ठेवायचा, एक परत द्यायचा, असे आता घरोघरी चालते. कलिंगडाची फाक काढून दाखवता येत नसेल, तर घरी नेऊन कापा आणि फिके निघाले तर परत आणा, असा हा बोली झालेला व्यवहार आहे.

## पण लोक स्वस्त म्हणूनच घेतात ना?

पहिली खरेदी बऱ्याचदा स्वस्त म्हणूनच होते. दुसरी, तिसरी, दहावी होईलच असे नाही. सवलतीच्या आमिषाने आलेल्या माणसाला पहिल्याच पार्सलमध्ये भलती वस्तू मिळाली आणि तक्रार करून पैसे परत आले नाहीत, तर तो पुढचा सेल कितीही मोठा असला तरी लांब राहतो, आणि चार जणांना सांगतो.

सवलतीचा आकडाही नीट वाचायला हवा. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. ती वेष्टनावर छापणे वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे, पण बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती किती असावी हे उत्पादकच ठरवतो. नामांकित कंपनीला अवाच्या सवा एमआरपी छापणे अवघड जाते, कारण तीच वस्तू शेजारच्या दुकानातही असते. ज्या नावाची वस्तू दुसरीकडे कुठे मिळतच नाही, तिच्यावर कितीही छापता येते. मग २,९९९ रुपये खोडून ५९९ रुपये दाखवले की ८० टक्के सवलत तयार! म्हणून खोडलेल्या आकड्याकडे पाहूच नये. तशीच वस्तू आपल्या ओळखीच्या दुकानात कितीला पडते, तेवढे पाहावे.

‘नो कॉस्ट ईएमआय’चेही असेच. बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करते, म्हणून हप्त्यांची बेरीज मूळ किमतीइतकी दिसते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडूनच घेतला जातो, आणि बऱ्याच बँका प्रक्रिया शुल्कही लावतात. हप्ता घेणे चूक नाही. फुकट आहे असे समजून घेणे चूक आहे.

‘फक्त २ शिल्लक’, ‘ऑफर ९ मिनिटांत संपणार’ असल्या सूचनांचे काम एकच असते, तुम्हाला विचार करायला वेळ न देणे. पडद्याची रचनाच अशी करायची की ग्राहक नकळत भलता निर्णय घेईल, या प्रकाराला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. खोटी घाई, न सांगता टोपलीत वस्तू टाकणे आणि किंमत शेवटपर्यंत थेंबाथेंबाने वाढवत नेणे हे त्यांपैकीच. कॅश ऑन डिलिव्हरीचे शुल्क शेवटच्या पानावर प्रकट होते, तेव्हा त्यावर आक्षेप येतो तो याच तत्त्वांच्या आधारे.

## दुकानात सगळ्यांना मिळत नाही अशी एक गोष्ट

ऑनलाइन खरेदीवरच्या चर्चेत वेळ, पैसा, सोय सगळे येते. मान मात्र क्वचित येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

काचेचे दार ढकलून मोठ्या शोरूममध्ये शिरायला प्रत्येकाला धीर होत नाही. घरकाम करणारी बाई मुलीच्या कॉलेजसाठी ड्रेस पाहायला आत गेली, तर विक्रेत्याची नजर आधी तिच्या चपलांवर जाते. ‘मावशी, बजेट किती आहे?’ हा प्रश्न कपडा दाखवण्याआधीच येतो. वीस ड्रेस काढायला लावून एकही न घेता उठणे सुखवस्तू घरातल्या बाईला जड जात नाही, हिला जाते. अ‍ॅपवर ती दोनशे ड्रेस पाहते, मुलीला दाखवते, दर महिन्याला परत येऊन किंमत उतरली का ते बघते, आणि तिला कोणी काही बोलत नाही.

संकोचाचेही तसेच. पुरुष विक्रेत्यासमोर अंतर्वस्त्रांचे माप सांगणे कित्येक मुलींना आजही नकोसे वाटते. सॅनिटरी पॅड औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळून मिळतात, आणि त्या गुंडाळण्यातच लाजेची शिकवण असते. स्थूल शरीराच्या माणसाला ‘तुमच्या साइजचं नाही’ हे चारचौघांत ऐकावे लागते. ऐकू येण्याचे यंत्र, केस गळतीचे औषध, प्रौढांचे डायपर, अशा किती वस्तूंची नावे घ्यावीत! यांतल्या कोणाला सवलतीने खेचून आणलेले नाही. आपल्याकडे कोणी बघत नाही, यासाठी ती माणसे आली आहेत.

घरातल्या पैशांच्या वाटणीचाही इथे संबंध येतो. बँकेचे खाते आणि कार्ड नवऱ्याच्या हाती असलेल्या घरात, किराण्यातून वाचवलेल्या नोटांनी स्वतःसाठी काही मागवायचे तर दारात रोख देण्याचाच रस्ता बाईला मोकळा असतो. त्या पद्धतीवर शुल्क लावले की सर्वांत आधी तिला झळ बसते.

## पेठेत जे चालते ते वाघोलीत का चालत नाही?

जुन्या पेठांतल्या दुकानदाराला आपले आजोबा माहीत असतात. वस्तू खराब निघाली तर तो बदलून देतो, कारण उद्याही आपण त्याच्या दारावरूनच जाणार आहोत. तो उधारीवर लिहून ठेवतो, आणि हा पिढ्यांचा विश्वास कुठल्याही अ‍ॅपहून भक्कम आहे. पण पुणे आता पेठांपुरते राहिलेले नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. वाघोली, उंड्री, सूस, म्हाळुंगे इथल्या सोसायट्यांत लातूर, बीड, जळगावहून, इतर राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांचा ओळखीचा दुकानदार गावी राहिला. इथला दुकानदार त्यांना तितकाच अनोळखी आहे जितका अ‍ॅपवरचा विक्रेता, आणि अ‍ॅपवरचा निदान वस्तू परत घ्यायची लेखी हमी देतो. पेठेतल्या माणसाला ऑनलाइन जाताना एक विश्वास सोडावा लागतो. वाघोलीतल्याला सोडायला काही नसतेच. नवी वस्ती ऑनलाइन खरेदीला लवकर सरावते ती यामुळे, असे मला वाटते. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून परतायला होणारा उशीर आणि लक्ष्मी रस्त्यावरचे पार्किंग ही कारणे खरी आहेतच.

पार्सल पोहोचवायला पत्ता लागतो. आपले पत्ते ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ असे. त्यातून वाट काढायला एका मराठी माणसाचे काम आजही उपयोगी पडते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिन कोड ही टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची कल्पना. ४११०३० म्हटले की सदाशिव पेठ, हे यंत्रालाही कळते. तुमच्या भागात डिलिव्हरी होते का, किती दिवसांत होते, पैसे दारात घेतले जातील का, हे अ‍ॅप ठरवते ते या सहा आकड्यांवरून.

इंटरनेटचे दर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर कोसळले, हे सर्वांना ठाऊक आहे. भाषेचे मात्र कमी बोलले जाते. २०२० च्या अखेरीस अ‍ॅपवर मराठी हवी या मागणीसाठी आंदोलन झाले आणि २०२१ मध्ये फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन दोघांनीही मराठी आणली. वस्तू शोधायला इंग्रजीचे चार शब्द पुरतात. ‘परत करण्याच्या अटी’ वाचायला पुरत नाहीत, आणि भीती त्या अटींबद्दलच असते.

या व्यवसायात पुणे केवळ ग्राहक नाही, हेही सांगायला हवे. लहान मुलांच्या वस्तूंचे फर्स्टक्राय २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाले, आणि पार्सल पोहोचवणारी एक्सप्रेसबीज ही कंपनी त्यातूनच २०१५ मध्ये वेगळी झाली.

## शेजारच्या काकूंनी घेतले म्हणून

फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्ये सांगितले की माणूस नवे तंत्र वापरायचे की नाही हे दोन प्रश्नांवर ठरवतो. याचा मला उपयोग आहे का, आणि मला हे जमेल का? २००३ मध्ये डेव्हिड गेफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत त्यात विश्वास हा तिसरा धागा गुंफला.

आपल्याकडे हा विश्वास ओळखीतून येतो. पहिली ऑर्डर बहुधा भाचा किंवा नात करून देते. मग शेजारच्या काकू सांगतात, ‘मी घेतला हा कुकर, चांगला निघालाय.’ २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने या सवयीवरच धंदा उभा केला. घरातल्या बायका साड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीत पाठवत आणि ऑर्डर घेत. माल अनोळखी, पण विकणारी आपली.

अ‍ॅपवरची परीक्षणे हे या ओळखीचे बदली रूप आहे, आणि ती विकतही मिळतात. खोट्या परीक्षणांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. पाच तारे देऊन ‘खूप छान’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा, तीन तारे देऊन ‘कापड बरे आहे, पण पहिल्या धुण्यात रंग गेला’ असे लिहिणाऱ्यावर आणि घरच्या उजेडात काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवावा.

## ग्राहकाच्या डोक्यावरून उतरलेला भार गेला कुठे?

तो नाहीसा झालेला नाही. दारात पैसे देण्याच्या ऑर्डरींत बरेच ग्राहक ऐन वेळी पार्सल घेत नाहीत. कोणी घरी नसतो, कोणाचा विचार बदलतो, कोणी तीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात घेतलेली असते. असे पार्सल विक्रेत्याकडे परत जाते, आणि या धंद्यात त्याला ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात. जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च बऱ्याचदा लहान विक्रेत्याच्या अंगावर पडतो. त्यात माल आठ-दहा दिवस अडकतो आणि कधी फाटून, मळून परत येतो. उन्हातान्हात तिसऱ्या मजल्यावर चढून ‘नको’ ऐकणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाचा वेळही त्यात जातो. म्हणजे कंपन्या म्हणतात तो खर्च खोटा नाही, आणि विनाकारण पार्सल नाकारण्याची सवय आपण ग्राहकांनी सोडली पाहिजे.

तरी प्रत्येकावर सरसकट शुल्क लावणे मला पटत नाही. वारंवार पार्सल नाकारणारा कोण आणि कधीच न नाकारणारा कोण, हे कंपनीला तिच्या नोंदींतून कळते. शुल्क मात्र दोघांना सारखे. ते चुकवायला आधी पैसे भरा म्हटले की जुन्या ग्राहकाला फारसा फरक पडत नाही, कारण त्याला परताव्याचा अनुभव आहे. फरक पडतो नव्याला, वृद्धाला, स्वतःचे खाते नसलेल्या बाईला. ज्यांच्यासाठी ही पद्धत आली, तेच बाहेर राहतात. शुल्क घ्यायचेच तर ते वस्तूच्या किमतीशेजारी पहिल्या पानावर दाखवावे, आणि विनाकारण पार्सल परत पाठवणाऱ्यालाच लावावे.

## मग दुकाने बंद पडणार का?

देशातल्या एकूण किरकोळ व्यापारात ऑनलाइनचा वाटा बहुतेक अंदाजांनुसार अजून दहा टक्क्यांच्या आतच आहे. धक्का सगळ्यांना सारखा बसलेला नाही. मोबाइलच्या दुकानांना तो आधी बसला. आता काही मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या सेवांमुळे उपनगरांतला किराणा दुकानदार हैराण आहे. तुळशीबागेत मात्र गर्दी ओसरलेली नाही, कारण तिथे भाव करता येतो आणि बांगडी हातात घालून बघता येते. लक्ष्मी रस्त्यावरची काही दुकाने व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवून बाहेरगावी पाठवतात, म्हणजे जुनी ओळख नव्या वाटेने वापरतात. जो दुकानदार खराब वस्तू कुरकुर न करता बदलून देतो, त्याच्याकडे ऑनलाइनमधली सर्वांत मोठी सोय आधीपासूनच आहे. दारावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावणाऱ्याने ती काढण्याचा विचार आता करावा.

## आणि फसवणूक झालीच तर?

मोठ्या अ‍ॅपवर फसणे आणि समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून अनोळखी पानावर जाऊन फसणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात परत घेणारे कोणी नसतेच, म्हणून तिथे आधी पैसे भरू नयेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, मिळण्यासाठी कधीच नाही. ‘तुमच्या नावाचे पार्सल आले आहे, रद्द करायला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर सांगू नये. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

भलती किंवा खराब वस्तू आली तर कायदा बराचसा आपल्या बाजूने आहे, आणि त्यामागे या शहराचेही काम आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात स्वतंत्र ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आजचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात ती निकाली काढायची असते. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, राहता पुण्यात असाल तर तक्रार पुण्यातच दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, बिल आणि कंपनीशी झालेला सगळा लेखी संवाद मात्र जपून ठेवलेला हवा.